ऑक्सिजन ९० वर ठेवणे हा हलगर्जीपणा आहे का?

सांजवारा: ‘धाप लागलेल्या माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांवरच ठेवणे हा सरळसरळ हलगर्जीपणा आहे,’ असे काल इथे कोणीतरी ठामपणे लिहिले आणि अनेकांनी त्याला दुजोरा दिला, म्हणून सविस्तर उत्तर देते. मी अतिदक्षता विभागात १२ वर्षे परिचारिका आहे. सीओपीडीच्या (विडी किंवा धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाची धाप एकाएकी वाढते तेव्हा ८८ ते ९२ टक्के एवढेच लक्ष्य ठेवतात, कारण त्याहून जास्त ऑक्सिजन दिल्यास अशा रुग्णाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो, तो गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटते की आता शांत झोप लागली. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अशा रुग्णांना रुग्णवाहिकेतच मोजून ऑक्सिजन दिला, तेव्हा मृत्यू कमी झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे.

रानमोगरा: ते मीच लिहिले होते. माझ्या आईने विडीला कधी हात लावला नाही, तिची फुप्फुसे ४० वर्षांच्या चुलीच्या धुराने गेली. बायपॅपचा (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क इतका आवळला होता की नाकाच्या हाडावर जखम झाली, आणि तिने तो ओढू नये म्हणून तिचे दोन्ही हात पलंगाला बांधले होते. तुमचे हे ८८ ते ९२ आम्हाला तिथे एकानेही सांगितले नाही.

सांजवारा: रात्रपाळीला ८ रुग्णांमागे आम्ही दोघी असतो. मास्क निघाला तर रुग्ण काही मिनिटांत कोसळू शकतो, हे दाराबाहेर उभे राहून कळत नाही.

भूलवैद्य: ताई, ऑक्सिजनबाबत तुमचे बरोबर आहे, पण हात बांधण्याचे समर्थन कृपा करून करू नका. मास्कमध्ये उलटी झाली आणि रुग्णाला तो काढता आला नाही, तर ती थेट श्वासनलिकेत जाते. पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतकीच ओढ ठेवावी आणि नाकावर आधीच मऊ पट्टी लावावी. नेब्युलायझर आणि स्टिरॉइड चालू असताना तासाभराने धमनीतले रक्त पुन्हा तपासावे, पीएच (रक्तातल्या आम्लतेचे माप, जितके खाली तितके रक्त आम्ल) ७.२५ च्या खाली घसरत असेल, तर श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय सकाळच्या राउंडपर्यंत लांबवू नये.

रानमोगरा: म्हणजे बांधणे चूकच होते. मग दोन दिवस मला दिवसाला १० मिनिटे भेट का दिली? मी शेजारी बसून तिचा हात धरला असता.

सांजवारा: जंतुसंसर्गाची भीती खरी असते. तरीही एवढे मान्य करते की पहिला तास घरचे माणूस जवळ असले, तर रुग्ण मास्क लवकर स्वीकारतो. मी स्वतः पट्टे न बांधता आधी मास्क हाताने चेहऱ्यावर धरते आणि यंत्राच्या हवेशी श्वास जुळेपर्यंत रुग्णाशी बोलत राहते.

रानमोगरा: आकड्याबाबत माझे चुकले आणि हलगर्जीपणा हा शब्द त्यापुरता मागे घेते. बांधलेल्या हातांबाबत घेणार नाही.