शब्दचर्चा: डीबगरमधला ‘फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांचा सपोर्ट’

प्रश्न

जीडीबी या डीबगरची (चालता प्रोग्राम थांबवून त्यातल्या चुका शोधण्याच्या साधनाची) ओळख करून देणारी टिपणं विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहितो आहे. एका वाक्यापाशी अडलो: ‘या प्रोसेसरवर डीबगरला फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांचा सपोर्ट आहे.’ बोलताना हे खपून जातं, पण लिहिलेलं वाचलं की ते मराठी वाटत नाही. ‘सपोर्ट’ला आधार, पाठिंबा, समर्थन यांतलं काय घ्यावं? ‘रजिस्टर’ (प्रोसेसरमधली मूल्य ठेवायची छोटी जागा) ठेवावं की ‘नोंदवही’च्या अंगाने नवा शब्द शोधावा? फ्लोटिंग पॉइंटला (अपूर्णांक साठवण्याच्या पद्धतीला) ‘चल बिंदू’ म्हणावं की ‘तरता बिंदू’? कामाशी रोजचा संबंध असलेल्यांनी मत द्यावं.

रजिस्टर तसंच राहू द्या

नोंदवहीत नोंदी साठत जातात, मागचं पान उलटून पाहता येतं. प्रोसेसरमधल्या रजिस्टरात नवं मूल्य आलं की जुनं गेलं, मागचं काही उरत नाही. शिवाय ‘रजिस्टर’ला मराठी प्रत्यय कधीच लागले आहेत. रजिस्टरात, रजिस्टरांचं, रजिस्टरमधून असं आपण सहज बोलतो. त्याला हात लावू नये.

‘चल’ नको, ‘तरता’ बरा

दहावीच्या गणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ शिकलेल्या मुलासाठी ‘चल’ म्हणजे व्हेरिएबल. डीबगरच्या टिपणात व्हेरिएबल पानोपानी येणार. मग ‘चल बिंदूचं चल रजिस्टरात आहे’ असली वाक्यं तयार होतील. तरता बिंदू ऐकायला थोडा अनोळखी आहे, पण बिंदूची जागा ठरलेली नाही, ती घातांकानुसार सरकते, हे त्यातून कळतं. ‘दशांश’ मात्र कुठेही येऊ देऊ नका. इथला पाया दहा नसून दोन आहे, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

‘सपोर्ट’च्या पोटात काय आहे ते आधी पाहू

पाठिंबा आणि समर्थन माणसाच्या भूमिकेला देतात, ते दोन्ही बाद. ‘आधार’ चालेलसं वाटतं, पण ‘रजिस्टरांचा आधार आहे’ वाचून विद्यार्थ्याला काही कळणार नाही. डीबगर इथे नेमकं काय काम करतो ते पाहिलं तर शब्द सापडेल.

चालता प्रोग्राम थांबला की त्याची रजिस्टरं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आपल्या मेमरीत जपून ठेवतो. लिनक्सवर डीबगर ती पीट्रेस या सिस्टिम कॉलने (कर्नलला केलेल्या विनंतीने) मागून घेतो. हाती पडतो तो नुसता बाइटांचा गठ्ठा. एक्स८६ वर (इंटेलच्या प्रोसेसर घराण्यावर) ही रजिस्टरं मेमरीत उतरवणाऱ्या एफएक्ससेव्ह या सूचनेची मांडणी ५१२ बाइटांची आहे. हे बाइट मिळाले की सपोर्ट आला असं पुष्कळ जण समजतात. मला ते मान्य नाही. खरं काम इथून सुरू होतं.

इंटेलचा ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर १९८० मध्ये आला. त्याची आठ रजिस्टरं आजच्या एक्स८६ प्रोसेसरांतही शाबूत आहेत. प्रत्येक रजिस्टर ८० बिटांचं: १ बिट चिन्हाचा, १५ घातांकाचे, ६४ सार्थ अंकांचे. सी भाषेतला डबल ६४ बिटांचा, आणि त्यात सार्थ अंकांना मिळतात ५३. डीबगरने रजिस्टरातलं मूल्य सोयीसाठी डबलमध्ये ओतून छापलं, तर ११ बिट वाटेत गळतात.

०.१ घ्या. हा आकडा दोनच्या पायावर नेमका लिहिताच येत नाही. डबल म्हणून साठवून रजिस्टरात चढवला, तर सार्थ अंकांच्या त्या ६४ बिटांत हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) ओळीने बारा सी, मग एक डी आणि शेवटी तीन शून्यं असतात. तोच लाँग डबल (इथे ८० बिटांचा प्रकार) म्हणून घेतला तर पंधरा सी आणि शेवटी डी. हे दोन वेगळे आकडे आहेत. पण दोन्ही डबलमध्ये ओतले की नेमके एकसारखे होतात. प्रोग्रामात तुलना केली की ‘समान नाहीत’ असं उत्तर येतं, डीबगरमध्ये दोन्हीकडे एकच आकडा दिसतो, आणि बग शोधणारा त्या आकड्यावर विश्वास ठेवून भलतीकडे शोधत बसतो. डीबगरच्या हातून होऊ नये अशी ही चूक आहे.

डीबगर ज्या यंत्रावर चालतो त्याचीही अडचण येते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये लाँग डबल हा डबलइतकाच असतो. एआरएम प्रोसेसरला तर ८० बिटांचा प्रकार माहीतच नाही. अशा यंत्रावर बसून एक्स८६ चा प्रोग्राम तपासायचा, तर ८० बिटांचं गणित डीबगरला स्वतः सॉफ्टवेअरमध्ये करावं लागतं.

बघणं झालं, आता बदलणं. जीडीबीत थांबलेल्या प्रोग्रामातलंच एखादं फंक्शन हाताने चालवता येतं. ६४ बिटांच्या लिनक्सवर त्या फंक्शनला डबल द्यायचा तर तो एक्सएमएम० या वेगळ्या, नंतरच्या रजिस्टरात ठेवावा लागतो. उत्तर डबल असेल तर ते तिथेच येतं. लाँग डबल असेल तर एसटी० मध्ये, म्हणजे ८०८७ पासूनच्या आठांतल्या सर्वांत वरच्या रजिस्टरात, येतं. ३२ बिटांच्या प्रोग्रामात डबलसुद्धा एसटी० मध्येच येतो. ‘फिनिश’ ही आज्ञा फंक्शनने काय परत दिलं ते दाखवते, ती या माहितीवरच चालते. आणि हे सगळं उरकल्यावर प्रत्येक रजिस्टर होतं तसं परत ठेवायचं, कारण मूळ प्रोग्राम अर्ध्या हिशेबात थांबलेला आहे.

म्हणून माझं मत असं की ‘सपोर्ट’ला एक नाम शोधूच नका. क्रियापदं वापरा. ‘पाहता येतात’, ‘बदलता येतात’ असं लिहिलं की वाक्य मराठीही होतं आणि खरंही. आणि फक्त बाइट दिसत असतील, अर्थ लागत नसेल, तर तेही स्पष्ट लिहिता येतं. ‘सपोर्ट’ शब्दात ही तफावत झाकली जाते.

स्टॅकला ‘चळत’ आहे की

एक्स८७ ची (८०८७ पासून चालत आलेल्या गणिती भागाची) आठ रजिस्टरं स्टॅकसारखी वापरतात, त्याला ‘चळत’ लिहावं. ताटांची चळत घराघरात असते. फक्त एक गोष्ट सांगायला हवी. इथे ताटं जागची हलत नाहीत. वरचं ताट कुठलं, हे सांगणारा तीन बिटांचा आकडा तेवढा हलतो. तो स्टेटस वर्डमध्ये (एक्स८७ ची स्थिती सांगणाऱ्या रजिस्टरात) असतो.

जीडीबीत ‘इन्फो फ्लोट’ दिलं की हे डोळ्यांनी दिसतं. नव्याने सुरू झालेल्या एक्स८७ मध्ये १ हा आकडा चढवला, तर तो आर७ या जागेत जाऊन बसतो, कारण चढवताना तो तीन बिटांचा आकडा ० वरून मागे ७ वर जातो. आर७ पुढे बाणाची खूण दिसते. प्रोग्राम त्यालाच एसटी० म्हणतो. आणखी एक आकडा चढवला की तो आर६ मध्ये जातो, तो एसटी० होतो, आणि मघाचा न हलता एसटी१ होतो. टिपणात ‘जागेचं नाव’ आणि ‘चळतीतलं स्थान’ असे दोन वेगळे शब्द पहिल्यापासून ठेवा.

‘रिकामं’ आणि ‘शून्य’ यांत गल्लत नको

वरच्याला जोडून. त्या आठ रजिस्टरांसाठी टॅग वर्ड असतो, दर रजिस्टरामागे दोन बिट. रजिस्टरात नेहमीचं मूल्य आहे, शून्य आहे, काही विशेष आहे, की ते रिकामं आहे, हे त्यावरून ठरतं. शून्य हे मूल्य आहे, आणि रिकामं म्हणजे मूल्यच नाही. रिकाम्या रजिस्टरात मागचे बिट तसेच पडलेले असू शकतात. डीबगरने ते आकडा म्हणून दाखवले तर वाचणारा फसला.

एफएक्ससेव्हच्या मांडणीत जागा वाचवण्यासाठी दर रजिस्टरामागे एकच बिट ठेवतात: भरलेलं की रिकामं. बाकीचा भेद डीबगरला मूल्याकडे पाहून पुन्हा काढावा लागतो. त्यातही पेच असा की मूल्यं चळतीच्या क्रमाने साठवलेली असतात आणि टॅगचे बिट जागेच्या क्रमाने. तो तीन बिटांचा आकडा धरून जोड्या लावल्या नाहीत, तर एकाचा टॅग दुसऱ्याला चिकटतो. वरच्या प्रतिसादातला जागा आणि स्थान हा भेद इथे थेट कोडमध्ये उतरतो.

तिसरी अवस्था

एफएक्ससेव्हनंतरच्या नव्या एक्ससेव्ह मांडणीत आणखी एक शब्द लागेल: ‘आरंभस्थिती’. त्यात सुरुवातीला ५१२ बाइटांचा जुना भाग, मग ६४ बाइटांचं शीर्षक आणि पुढे एव्हीएक्ससारख्या नंतर आलेल्या रजिस्टरांचे नवे भाग असतात. एखाद्या भागाचा बिट शीर्षकात ० असेल, तर तो भाग आरंभस्थितीत आहे असं समजायचं. मेमरीत त्या जागी काहीही पडलेलं असो, ते वाचायचं नाही. उलट बाजूने, डीबगरने तिथे नवं मूल्य लिहिलं पण तो बिट १ केला नाही, तर लिहिलेलं वाया जातं. वापरणाऱ्याला वाटतं बदल झाला, प्रोग्राम मात्र जुन्याच मूल्यावर पुढे जातो. ‘बदलता येतात’ हे क्रियापद टिपणात लिहिण्याआधी एवढं तपासून घ्यावं.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. वाक्य आता असं केलं आहे: ‘या प्रोसेसरची तरत्या बिंदूची रजिस्टरं डीबगरमध्ये पूर्ण अचूकतेने पाहता येतात आणि बदलताही येतात.’ चळत, जागा, स्थान, रिकामं, आरंभस्थिती हे सगळं घेतो. एक शंका राहिली. काही वेळा डीबगर आकड्याऐवजी ‘नॅन’ छापतो. त्याला ‘असंख्य’ लिहिलेलं पाहिलं, ते खटकलं.

‘असंख्य’ चूकच

असंख्य म्हणजे अगणित, इथे अर्थ ‘संख्या नव्हे’ असा आहे. ‘अ-संख्या’ जोडरेघेसह लिहा, पहिल्यांदा येईल तिथे ‘नॅन’ही द्या, कारण पडद्यावर तेच दिसणार आहे.

तो शब्द दिसला म्हणजे हिशेब बिघडला असं मात्र विद्यार्थ्यांना सांगू नका. एमएमएक्सची (एक्स८६ वरच्या पूर्णांकांसाठीच्या सूचनासंचाची) रजिस्टरं वेगळी नाहीत, ती एक्स८७ च्या रजिस्टरांतल्या सार्थ अंकांच्या ६४ बिटांतच राहतात. दोघांची जागा सामाईक आहे. एमएमएक्सच्या सूचनेने तिथे पूर्णांक लिहिला की चिन्ह आणि घातांकाचे सगळे बिट १ होतात. मग डीबगरमध्ये एसटी० पाहिलं तर अ-संख्या किंवा अनंत दिसणार, आणि प्रोग्राम अगदी बरोबर चाललेला असणार.

रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या प्रोसेसर घराण्यावर हे अजून ठळक आहे. तिथे ६४ बिटांच्या रजिस्टरात ३२ बिटांचा फ्लोट ठेवला, की वरचे ३२ बिट मुद्दाम सगळे १ करतात. तेच रजिस्टर डबल म्हणून वाचलं की अ-संख्या, फ्लोट म्हणून वाचलं की खरा आकडा. म्हणून जीडीबी अशा रजिस्टराचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी छापतो, आणि कुठला घ्यायचा हे त्या ओळीतल्या सूचनेवरून ठरवायचं.