सड्यावर झाडं लावू नका, कळकळीची विनंती

वर एका सदस्यांनी लिहिलंय की पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारखे उघडे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट कातळं, ओसाड पडलेत, पावसाळ्यात तिथं हजारो रोपं लावू या. दादा, तुमची तळमळ पटते, पण सडा ओसाड नसतो हो!

भाद्रपदात एकदा तिथं गुडघे टेकून बसा. जांभ्यावर माती जेमतेम बोटभर. त्या मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवं नावाच्या इवल्याशा कीटकभक्षी वनस्पतींनी मुळाशी बारीक पिशव्या केल्यात आणि त्यात ती सूक्ष्म जीव पकडतात. वर नखाएवढं निळं-जांभळं फूल. तिथं खड्डे काढून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, की सावलीत हे सगळं संपलं. कंदिलासारखी फुलं येणाऱ्या कंदीलपुष्पांचंही तेच. त्यांच्या काही जाती तर सह्याद्रीबाहेर कुठंच नाहीत. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानं त्या जपायला आणि वाढवायला किती कष्ट घेतलेत!

रोपंच लावायची तर देवराईच्या कडेला लावा. अंजनी, हिरडा, जांभूळ, इथलीच. आणि नरक्या, हे इथलंच एक छोटं झाड. कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन त्याच्यात असतं, म्हणून तो बेसुमार तोडला गेला. बुंधा राखला तर त्याला पुन्हा धुमारे फुटतात, पण लोकांनी मुळासकट उपटला.

राधानगरी अभयारण्य १९५८ पासून आहे, २०१२ मध्ये जागतिक वारशातही आलं. त्याच्या हद्दीबाहेरचे बरेच सडे आणि देवराया मात्र गावकऱ्यांच्या आणि आपल्याच भरवशावर आहेत.