मदत हवी आहे: मुलांच्या निवासी शिबिरात नर्स म्हणून जाताना आधी काय ठरवून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी बालरोग विभागात नर्स आहे. या उन्हाळ्यात मुलांच्या एका निवासी शिबिराला स्वयंसेवक म्हणून जायचं ठरतंय. मुलं आठ ते चौदा वर्षांची, मुक्काम तंबूत, पोहणं आणि डोंगर चढणं रोजचंच. आरोग्याचं सगळं मी एकटीनं बघायचं, डॉक्टर फोनवर असतील. मला मनापासून जायचंय, म्हणूनच आधी विचारून घेतेय. खरचटणं, पाय मुरगळणं, ताप, याची मला धास्ती नाही.

पहिला प्रश्न औषधांचा. आयोजक म्हणतात, पालक गोळ्या डबीत घालून देतात, वर नाव लिहिलेलं असतं. मला हे पटत नाही. मूळ पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय औषध ताब्यात घेणार नाही, असं सांगितलं तर अतिरेक होईल का? आणि दम्याचा पंप मुलाच्या खिशात ठेवता की तुमच्या कपाटात? माझं मत खिशात. अर्ध्या चढावर धाप लागली तर कुलपातला पंप काय कामाचा?

एका मुलीला टाइप १ मधुमेह आहे. दिवसभर पोहून-चढून आल्यावर साखर रात्री झोपेत उतरू शकते, आणि तेव्हा तिच्या शेजारी फक्त तिच्याच वयाच्या मुली असणार. साखर ७०च्या (मिलिग्रॅम/डेसिलिटर) खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे मी वॉर्डात करतेच. पण इन्सुलिन किती कमी करायचं ते कुणी ठरवायचं? रात्री उठवून तपासता का? वापरातलं इन्सुलिन फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालतं, पण उन्हात तापणाऱ्या तंबूत ते कुठे ठेवू?

दुसऱ्या एका मुलाला शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी आहे. अशा वेळी द्यायच्या अ‍ॅड्रेनलिन इंजेक्शनचा डोस माहीत आहे: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. वॉर्डात मात्र डॉक्टरांचा आदेश असतो. इथे फोनच लागला नाही तर?

शेवटचं, पोटदुखी. संध्याकाळी घरची आठवण आली की मुलांचं पोट खरोखरच दुखतं. त्यातून अपेंडिक्स वेगळं कसं काढता? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

मी बालरोगतज्ज्ञ आहे, अशा शिबिरांना जाते. ताई, औषधांबाबत अजिबात अतिरेक नाही. उलट ही अट प्रवेशाच्या फॉर्मवरच छापून घ्या. पंप खिशातच, आणि एक जादा तुमच्या पिशवीत, स्पेसरसकट (पंपाला जोडायची नळी, म्हणजे औषध नीट आत जातं).

अ‍ॅड्रेनलिनसाठी फोनवरच्या डॉक्टरांकडून सही केलेले लेखी आदेश आधीच घेऊन ठेवा. ते मिळत नसतील तर जाऊ नका, इतकं हे महत्त्वाचं आहे. प्रसंग आलाच तर आधी इंजेक्शन, मग फोन. मूल आडवं ठेवा, पाय वर; दम लागत असेल तर बसू द्या, पण उठून चालू देऊ नका. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो. म्हणून रात्री गाडी कोण चालवणार आणि रुग्णालय किती वेळावर आहे, हे आजच विचारा. स्वयंपाकघरातल्या मंडळींना पहिल्याच दिवशी भेटा.

पोटदुखीचं म्हणाल तर मुलाला उडी मारायला सांगा. अपेंडिक्सचं मूल सहसा उडी मारायला तयार होत नाही, वाकून चालतं, खाणं नको म्हणतं, आणि दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकत वाढत जातं. घरच्या आठवणीचं पोट खेळ सुरू झाला की बऱ्याचदा थांबतं. शंका असेल तर वाट बघू नका, पाठवा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर हात साबणानेच धुवायला लावा, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

प्रतिसाद २

माझ्या मुलाला टाइप १ आहे. इन्सुलिन किती कमी करायचं, रात्री कधी तपासायचं, हे त्याच्या डॉक्टरांकडून लेखी आणून आम्ही शिबिराला देतो, त्यामुळे तुम्ही मागितलंत तर पालकांना बरंच वाटेल. इन्सुलिनला पाण्यानं गार राहणारी कापडी पिशवी मिळते, ती सावलीत ठेवा. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आणि त्या मुलीच्या तंबूकडे लक्ष देणाऱ्या ताईला साखर उतरल्याची लक्षणं नक्की सांगा: घाम, थरथर, उगाच चिडचिड. ग्लुकोज त्या ताईच्या खिशातही असू द्या, पोहायला जातानासुद्धा.