१०० खाटांचं सरकारी हॉस्पिटल ‘ग्रीन’ आहे की नाही, बघायचं कसं?

वऱ्हाडी_सिव्हिल: नमस्कार मंडळी, विदर्भातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाचं डिझाईन तपासायला आलंय, गृहाच्या (GRIHA, ग्रीन बिल्डिंगला पॉइंट्स देणारी आपली भारतीय रेटिंग पद्धत) निकषांवर रिपोर्ट द्यायचाय. गच्चीवर सोलर दाखवलंय, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आहे, पॉइंट्स बरोबर जुळतायत पण पश्चिमेला तीन मजले नुसती काच आणि आत ओपीडी, मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जातं हो! पॉइंट्स सोडून अजून काय बघू?

एमईपीवाला: पहिलं म्हणजे ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि वॉर्ड एका मापात मोजू नका. ओटीत तासाला किमान २० वेळा हवा बदलावी लागते, त्यातली ४ वेळा बाहेरची ताजी, तिथे वीज जाणारच, तिथे काटकसर केली की इन्फेक्शन. वाचवायचं ते ओपीडी, वॉर्ड, पॅसेजमधे. ओटी, आयसीयू, लाँड्रीचे सब-मीटर (विजेचे वेगवेगळे मीटर) आत्ताच ड्रॉइंगमधे घालायला लावा, नंतर कोणी बसवत नाही. आणि काचेचं ऊन एसीने उपसायचं न् त्या एसीसाठी सोलर, म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

सिस्टर_नाईटड्युटी: मी काय इंजिनिअर नाही, पण नवीन बिल्डिंगमधे आमच्या वॉर्डला स्लायडिंग खिडक्या आल्या, एसी कधीचा बंद, मग नातेवाईक घरून टेबलफॅन आणतात, एका एक्स्टेन्शनला तीन तीन. जुना दगडी वॉर्ड बरा होता, उंच छत, दोन्हीकडे व्हरांडा, वारा आरपार.

जुना_ओव्हरसिअर: पाण्याचा हिशोब बघा. बांधकामाच्या कोडमधे १०० खाटांपर्यंत खाटेमागे रोज ३४० लिटर धरतात, पण आपल्याकडे एका पेशंटमागे दोन-तीन माणसं मुक्कामाला, आंघोळी, कपडे सगळं तिथेच. ती माणसं कुठल्याच ड्रॉइंगमधे नसतात. लॅबचं केमिकलवालं पाणी आधी वेगळं ट्रीट करून मगच बाकीच्यात सोडायचं, तेही बघा. आणि एसटीपी चालवणार कोण ते लिहून घ्या. मी होतो तिथे सहा महिन्यांत एसटीपीच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर गेला, दुरुस्तीला पैसे कुठल्या हेडमधून यावर वर्ष गेलं, आता टाकीच्या झाकणावर चादरी वाळतात 😄

वऱ्हाडी_सिव्हिल: आत्ता ड्रॉइंग परत काढून बघितलं, वॉर्डच्या खिडकीचा साइज आहे, उघडते किती ते कुठेच नाही. सिस्टर, तुमची खिडकी जरा मोजून सांगता का?

सिस्टर_नाईटड्युटी: मोजली. चार फुटाची आहे, उघडते पावणेदोन, त्यातही अर्ध्यात कूलर ठोकलाय.