डोमेनमधला शेअर्ड प्रिंटर मला दिसतो, क्लार्कला दिसत नाही

एकटाच_आयटीवाला
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी एकटा आयटी बघतो. तीन मजले, ३८ पीसी, ५ लेझर प्रिंटर. आतापर्यंत प्रत्येक प्रिंटर कुणाच्या तरी टेबलावरच्या पीसीवरून शेअर केलेला होता. कर्ज विभागातल्या ताई रजेवर गेल्या की त्यांचा पीसी बंद, आणि अख्खा मजला पेनड्राइव्ह घेऊन खाली-वर करणार. यंदा विंडोज सर्व्हर २०१९ वर डोमेन (सगळे पीसी आणि लॉगिन एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था) उभं केलं, त्याच सर्व्हरवर प्रिंटर घेतले आणि ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या पीसींना सेटिंग पाठवायच्या सोयीतून, सगळ्यांना लावले.

माझ्या लॉगिनला झकास. क्लार्कच्या लॉगिनला प्रिंटर येतच नाही. हाताने जोडायला गेलो तर अॅडमिनचा पासवर्ड मागतो. अॅप्लिकेशन लॉगमध्ये इव्हेंट ४०९८, एरर कोडच्या शेवटी ‘बीसीबी’. जीपीरिझल्टमध्ये (कुठली पॉलिसी लागली ते दाखवणारी कमांड) पॉलिसी मात्र लागलेली दिसते.

दुसरं दुखणं, डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलतो. मंगळवारी एका थकबाकीदाराची नोटीस चेअरमनसाहेबांच्या केबिनमधल्या प्रिंटरवर निघाली. थकबाकीदार साहेबांचे मेहुणे. पुढचं सांगत नाही. मार्चएंडच्या आत हे मिटवायचंय.

कागद_अडकला
सोपं आहे भाऊ. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा) पॉइंट अँड प्रिंटखाली ‘ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) फक्त अॅडमिनलाच टाकता येईल’ अशी एक व्हॅल्यू असते, ती शून्य करा. दोन मिनिटांचं काम. आमच्याकडे तीन वर्षं तसंच चाललंय.

सर्व्हररूम_काका
वरचा उपाय चालतो हे खरं, पण करू नका. २०२१ च्या जुलैमध्ये प्रिंटनाइटमेअर गाजलं होतं, आठवतंय? स्पूलर म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणारी विंडोजची सेवा, तिच्यातल्या भोकातून साधा यूजर सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. त्यावर मायक्रोसॉफ्टने १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून प्रिंटर ड्रायव्हर टाकायला अॅडमिन हक्क सक्तीचे केले. तुमचा ‘बीसीबी’ तोच: ड्रायव्हर पीसीवर नाही, सर्व्हरवरून उतरवायला हवा, आणि क्लार्कला तो हक्क नाही. व्हॅल्यू शून्य केली की ते भोक पुन्हा उघडं. पतसंस्थेत, तेही स्पूलर डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळी लॉगिन सांभाळणाऱ्या त्याच सर्व्हरवर, चालू असताना? प्रिंट सर्व्हर आधी तिथून हलवा. वेगळं छोटं व्हर्च्युअल मशीन पुरेल. मग कंट्रोलरवरचा स्पूलर बंदच करून टाका.

खरा उपाय म्हणजे क्लार्कने प्रिंटर जोडण्याआधीच ड्रायव्हर पीसीवर असला पाहिजे. कॉम्प्युटर स्टार्टअप स्क्रिप्ट सिस्टीमच्या हक्काने चालते, म्हणून तिथे आधी पीएनपीयुटिल या विंडोजच्या कमांडने आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती असलेली फाइल) ड्रायव्हर स्टोअरमध्ये टाका, मग पॉवरशेलच्या अॅड-प्रिंटरड्रायव्हरने तो स्पूलरला ओळखीचा करा. नुसती पहिली पायरी करून थांबणारे खूप भेटतात. ड्रायव्हरच्या शेअर फोल्डरवर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ना रीड हक्क द्यायला विसरू नका, तिथे यूजर नसतो, पीसी स्वतः फाइल उचलतो. आणि सर्व्हरवर जी आवृत्ती तीच पीसीवर, नाहीतर गाडी परत पासवर्डवर येते.

आणखी एक, प्रेफरन्सेसमध्ये अॅक्शन ‘अपडेट’ ठेवा. ‘रीप्लेस’ दर वेळी प्रिंटर काढून परत जोडतं.

टोनर_ताई
मेहुण्यांची नोटीस वाचून चहा सांडला!

विंडोज १० पासून ‘डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ हे चालू असलं की शेवटी जिथे प्रिंट काढली तो डीफॉल्ट होतो. एकदा कुणी केबिनमध्ये प्रिंट मारली की पुढची नोटीसही तिकडेच. यूजर पॉलिसीत कंट्रोल पॅनेल, प्रिंटर्समध्ये हे बंद करता येतं.

मजल्याप्रमाणे प्रिंटर देताना प्रेफरन्सेसमधल्या आयटम लेव्हल टार्गेटिंगमध्ये (कुठला प्रिंटर कुणाला लागेल ते ठरवायची सोय) पीसीचा ग्रुप धरा, माणसाचा नको. माणसं टेबल बदलतात. ग्रुपमध्ये नवा पीसी टाकला की तो एकदा रीस्टार्ट करा.

ताळेबंद लीगलवर काढता ना? मग सर्व्हरवर अॅडव्हान्स्ड टॅबमधल्या ‘प्रिंटिंग डीफॉल्ट्स’मध्ये कागद ठरवा. ‘प्रेफरन्सेस’मध्ये ठरवलेलं तुमच्यापुरतंच राहतं. मी यात एक अख्खा शनिवार घालवलाय.

एकटाच_आयटीवाला
काका, ताई, मनापासून आभार. व्हर्च्युअल मशीन केलं, कंट्रोलरवरचा स्पूलर बंद केला. पहिल्या दिवशी स्क्रिप्ट एकाही पीसीवर चालेना. दोन तास डोकं फोडल्यावर कळलं की ड्रायव्हरचं नाव आयएनएफमध्ये आहे तसं अक्षर न अक्षर द्यावं लागतं, आणि मी त्या नावातल्या ‘पीसीएल’नंतरची स्पेस खाल्ली होती. नंतर ३५ पीसी सुरळीत. उरलेल्या तिघांवर मीच कधीतरी जुना ड्रायव्हर टाकला होता, तो काढल्यावर तेही आले.

पासबुकचा डॉट मॅट्रिक्स काउंटरच्या पीसीलाच ठेवलाय, त्याला हात लावणार नाही.

केबिनमधला प्रिंटर बाकी सगळ्यांच्या यादीतून काढलाय. साहेबांनी अजून काही विचारलेलं नाही.