बुडबुडे भरपूर, तरी मासे वरच
मत्स्यटाकीतले मासे वर येऊन धापा टाकतात म्हणजे ऑक्सिजन कमी, दुसरा एअर पंप लावा, हा नेहमीचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. भरपूर हवा असूनही धाप थांबत नसेल तर आधी पाण्यातलं नायट्राइट (माशांच्या घाणीपासून बनणारं विषारी द्रव्य) तपासा. टाकी नवी असेल किंवा फिल्टरचा स्पंज नुकताच नळाखाली धुतला असेल (नळाच्या क्लोरीनने नायट्राइट संपवणारे जिवाणू मरतात, पण दुकानदार हेच सांगत नाहीत) तर जास्तच संशय. नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही, कल्ले तपकिरी दिसू लागतात.

क्लोरीन काढलेल्या पाण्याने ३०-४० टक्के पाणी बदला. सोबत दर १० लिटरला १ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ विरघळवून घाला. त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यापासून अडवतो. टेस्टचा आकडा मात्र मिठाने उतरत नाही, त्यासाठी रोज पाणी बदलावंच लागेल. खाणं दोन दिवस बंद.