मदत हवी आहे: १९७१, 'विक्रांत'ची बॉयलर रूम आणि आमचे बाबा

नमस्कार मंडळी. माझे बाबा मार्चमध्ये गेले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकून ते नौदलात आर्टिफिसर (यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ) झाले आणि १९७१ च्या युद्धात 'विक्रांत'वर होते. चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले, जहाज तीनवरच चाललेलं. ४ डिसेंबरला वरून सी हॉक विमानं कॉक्स बझार, चितगावकडे झेपावत होती, तेव्हा हे खाली उकाड्यात. "आम्ही युद्ध पाहिलं नाही, फक्त ऐकलं," एवढंच सांगायचे. पुढे कारखान्यात इंजिनियर. घरी कुकरची शिट्टी जरा वेगळी वाजली की पेपर टाकून स्वयंपाकघरात हजर! आईला भारी राग यायचा.

वर्षश्राद्धापर्यंत नातवंडांसाठी छोटी पुस्तिका करायची आहे. मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडून सेवेच्या नोंदी मुलांना मिळतात का? अर्जाला काय जोडावं लागतं? पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स आहे, पण नंबर पुसट झालाय.

आणि तेव्हा विक्रांतच्या इंजिनरूममध्ये असलेलं कुणी तुमच्या घरात, शेजारात असेल तर प्लीज कळवा. मी पुण्यात असते, कुठेही भेटायला येईन. काका-आजोबांना ऐकू कमी येत असेल तरी हरकत नाही, बाबांमुळे ओरडून बोलायची सवय आहे मला.